ऑक्टोबरातला वाद फेब्रुवारीत घाला : अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुले पत्र

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आणि इथेच जन्मलेल्या मराठी मतदारांस,

सप्रेम नमस्कार.

दर चार वर्षांनी दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे एकच वाद रंगतो. एकजण म्हणतो, दोन्ही उमेदवार सारखेच, मी यंदा तिसऱ्या उमेदवाराला मत देणार. दुसरा उसळतो, म्हणजे तू नको त्यालाच निवडून आणणार. तिसऱ्याचा प्रश्न ठरलेला: एवढ्या मोठ्या देशाला दोनच माणसं सापडतात? फराळाची ताटं उचलली जातात, वाद तिथेच राहतो.

आम्ही मतदारनोंदणीच्या टेबलांवर आणि मतदान केंद्रांवर स्वयंसेवक म्हणून बसणारी माणसं. आमचं म्हणणं एवढंच, की हे तिघेही बरोबर असू शकतात आणि तिघेही चूक. ते कोणत्या राज्यात राहतात आणि कोणत्या महिन्यात बोलताहेत, यावर ते ठरतं. ऑक्टोबरात हा वाद घालणं म्हणजे अर्ज मागे घ्यायची मुदत टळल्यावर तिकीटवाटपावरून भांडणं. दोन पक्षांची पद्धत ज्या नियमांवर उभी आहे, ते बहुतेक नियम राज्यांचे आहेत, आणि त्यांच्या मुदती तोवर एकेक करून उलटून गेलेल्या असतात.

आधी हिशेब पाहू. राष्ट्राध्यक्षपदाची एक देशव्यापी निवडणूक होतच नाही. ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी, अशा ५१ निवडणुका एका दिवशी होतात. मतदार प्रत्यक्षात निवडतात ते राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर. ते ५३८: हाउसच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) जागांइतके ४३५, सिनेटच्या जागांइतके १००, आणि डीसीचे ३. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी ४८ राज्यांत आणि डीसीत जो पहिला येतो तो सगळे इलेक्टर घेऊन जातो, मग तो एका मताने पहिला का असेना. हा नियम राज्यघटनेत नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते घटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोपवलं आहे. मेनने १९७२ पासून आणि नेब्रास्काने १९९२ पासून वेगळी रीत धरली: हाउसच्या प्रत्येक मतदारसंघाचा एक इलेक्टर, आणि राज्यभर जिंकणाऱ्याला दोन. २०२४ च्या सप्टेंबरात नेब्रास्काला पुन्हा जुन्या वाटेवर नेण्याचा खटाटोप झाला. तिथल्या विधिमंडळात पुरेशी मतं जमली नाहीत म्हणून तो फसला. सारी धडपड एका इलेक्टरसाठी होती.

आता या रचनेत तिसऱ्याचं काय होतं ते बघा. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना १८.९ टक्के मतं पडली, म्हणजे जवळजवळ २ कोटी. इलेक्टर मिळाले शून्य. मेनमध्ये ते रिपब्लिकन बुश यांच्या पुढे आणि युटामध्ये डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या पुढे, दुसरे आले होते. पण दुसऱ्याला इथे काही मिळत नाही. त्याहून बोलकं उदाहरण १९४८ चं. स्ट्रॉम थर्मंड आणि हेन्री वॉलेस हे लहान पक्षांचे उमेदवार, दोघांना जवळपास सारखीच मतं, प्रत्येकी सुमारे २.४ टक्के. थर्मंड यांची मतं दक्षिणेतल्या मोजक्या राज्यांत एकवटलेली होती, त्यांना ३९ इलेक्टर मिळाले. वॉलेस यांची देशभर पसरलेली होती, त्यांच्या हाती एकही लागला नाही. म्हणजे ही पद्धत लहान पक्षाला सरसकट मारत नाही. पसरलेल्या लहान पक्षाला मारते. महाराष्ट्रात एखादा पक्ष दोन-तीन जिल्ह्यांच्या बळावर वर्षानुवर्षं तग धरतो, ते इथे या पदासाठी जमत नाही, कारण जिल्हा म्हणजे अख्खं राज्य.

समजा तिसऱ्याने दोन-तीन राज्यं मारलीच, आणि कोणालाच २७० मिळाले नाहीत. मग १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती लागू होते. पहिल्या तिघांतून हाउस राष्ट्राध्यक्ष निवडतं, पण खासदारांनी डोकी मोजून नव्हे. प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाच्या ५२ खासदारांचं मिळून एक, वायोमिंगच्या एकुलत्या एका खासदाराचंही एक. डीसीला मतच नाही. जिंकायला २६ राज्यं. १८२४ मध्ये असंच झालं. सर्वाधिक इलेक्टर जॅक्सन यांचे होते, ९९. ८४ वाले अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले. हाउसमधल्या राज्यांचे गट आज दोन पक्षांतच वाटलेले आहेत, त्यामुळे तिसऱ्याच्या यशाचा निकाल पुन्हा त्या दोघांच्याच हातात जातो. ‘इलेक्टर मतांच्या प्रमाणात वाटा’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. १९९२ ची मतं तशी वाटली असती तर ढोबळ हिशेबाने पेरो यांना शंभराच्या घरात इलेक्टर मिळाले असते, ४३ टक्केवाले क्लिंटन २७० पासून लांब राहिले असते, आणि निर्णय हाउसकडे गेला असता. बाराव्या दुरुस्तीला हात न लावता केलेली ही सुधारणा रोगापेक्षा औषध भयंकर या जातीची.

‘मतं खाल्ली’ या आरोपाचाही एकदा नीट हिशेब मांडू, कारण भांडण मुख्यतः त्यावरूनच होतं. तीन आकडे हवेत: पहिल्या-दुसऱ्यातला फरक, तिसऱ्याची मतं, आणि तिसरा रिंगणात नसता तर त्याच्या मतदारांनी काय केलं असतं. हा शेवटचा आकडा लोक विसरतात. तिसऱ्याच्या १०० मतदारांपैकी ४० घरीच बसले असते, ४० हरलेल्याकडे गेले असते आणि २० जिंकलेल्याकडे, तर हरलेल्याचा निव्वळ फायदा २० चा. म्हणजे निकाल फिरायला तिसऱ्याची मतं फरकाच्या पाचपट हवीत.

हे माप लावून बघा. २००० साली फ्लोरिडात धाकटे बुश डेमोक्रॅट गोर यांच्यावर ५३७ मतांनी जिंकले. ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं होती. निकाल फिरायला नेडर यांच्या दर हजार मतदारांमागे सहा जणांचा निव्वळ फरक पुरेसा होता. तिथे आरोप टिकतो. (पाम बीच काउंटीतल्या, समोरासमोरच्या दोन पानांवर नावं छापलेल्या ‘फुलपाखरी’ मतपत्रिकेने केलेला घोटाळा निराळा, ५३७ चा फरक असला की काहीही पुरतं.) २०१६ मध्ये मिशिगनमध्ये ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्यातला फरक १०,७०४ आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांची मतं ५१,४६३. इथे दर शंभरी २१ चा निव्वळ फरक लागतो, शिवाय दुसऱ्या बाजूने लिबर्टेरियन पार्टीच्या गॅरी जॉन्सन यांची १ लाख ७२ हजार मतं उभी होती. आरोप लटका नाही, पण सिद्धही नाही. २०२४ मध्ये मिशिगनचा फरक ८० हजार, स्टाइन यांची मतं ४४ हजारांच्या आसपास. सगळीच्या सगळी हॅरिस यांना पडली असती तरी राज्य फिरलं नसतं. तरीही मतदानानंतर कितीतरी दिवस मिशिगनमधल्या डिअरबॉर्न या अरबवंशीयांची मोठी वस्ती असलेल्या शहरातल्या मतदारांना बोल लावणं चालू होतं. बोल लावायचे तर आधी वजाबाकी करावी.

यातून तुमच्यापुरतं काय निघतं? कॅलिफोर्नियात फ्रीमाँट किंवा सनीवेलमध्ये राहत असाल तर २०२४ मध्ये तुमच्या राज्यात २० टक्क्यांचं अंतर होतं. तिथे तुमच्या तिसऱ्या मताने राष्ट्राध्यक्ष बदलत नाही. नोव्हाय, ट्रॉय, अल्फारेटा, कॅरी, फिनिक्स अशा चुरशीच्या (स्विंग) राज्यांतल्या शहरांत राहत असाल तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये अ‍ॅरिझोना १०,४५७ मतांनी, जॉर्जिया ११,७७९ मतांनी आणि विस्कॉन्सिन २०,६८२ मतांनी गेलं. ही तिन्ही राज्यं उलटी पडली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती, आणि देशभरात ७० लाखांची आघाडी असूनही बायडन यांचं भवितव्य हाउसकडे गेलं असतं. एडिसनवाल्यांना मात्र एक इशारा. ‘न्यूजर्सी काय, ठरलेलीच’ असं म्हणू नका. २०२० मधलं १६ टक्क्यांचं अंतर २०२४ मध्ये ६ वर आलं. सुरक्षित राज्य ही चार वर्षांच्या भाडेकरारासारखी गोष्ट आहे.

आणि सुरक्षित राज्यातलं तिसरं मत वायाच जातं असंही नाही. देशभर ५ टक्के मिळाले तर त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळतो. पेरो यांच्या १९९६ मधल्या ८.४ टक्क्यांमुळे रिफॉर्म पार्टीला २००० साठी सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. त्या पैशावरून पक्षात फाटाफूट झाली, पॅट ब्युकॅनन उमेदवार झाले, अर्ध्या टक्क्याच्या आत राहिले आणि पक्ष संपला. माणूस गेला की पक्ष जातो. आपल्याकडच्या राजकारणावर वाढलेल्या कुणाला हे समजावून सांगायला नको.

आता मतपत्रिकेवर नाव येण्याचा प्रश्न. दोन पक्षांची मक्तेदारी खरी कुठे असेल तर इथे, आणि याविषयी आपल्यात जवळपास कोणी बोलत नाही. भारतात लोकसभेला अपक्ष उभं राहायचं तर सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला २५ हजारांची अनामत आणि दहा सूचक लागतात. नियम देशभर एकच. इथे ५१ नियमपुस्तकं. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या अपक्षाला टेनेसीत २७५ सह्या पुरत होत्या. कॅलिफोर्नियात २ लाख १९ हजार ४०३ लागत होत्या, फ्लोरिडात १ लाख ४५ हजार ०४०, टेक्ससमध्ये १ लाख १३ हजार १५१. टेक्ससची खुबी अशी, की सह्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, दुसऱ्या दिवसापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंतच गोळा करायच्या, आणि ज्याने त्या वर्षी कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं त्याची सही बाद. न्यूयॉर्कने २०२० मध्ये आकडा १५ हजारांवरून ४५ हजारांवर नेला. मुदत सहा आठवडे, आणि निदान १३ मतदारसंघांतून प्रत्येकी ५०० सह्या हव्यात.

सही म्हणजे नुसती सही नव्हे. नोंदणीत जो पत्ता आहे तोच कागदावर हवा. घर बदलून नोंदणी न बदललेल्याची सही बाद, तारीख नसलेली बाद, अक्षर न लागणारी बाद, दोनदा केलेली बाद. सह्या गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र चुकलं तर अख्खा कागद बाद होऊ शकतो. म्हणून जाणकार माणसं लागतात त्याच्या किमान दीडपट सह्या जमवतात. त्यानंतर मोठ्या पक्षांचे वकील एकेक कागद तपासून आव्हान देतात, आणि ते लढायला पैसा लागतो.

शिवाय बारीकसारीक खाचा. नेवाडात २०२४ च्या मार्चमध्ये अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्या सह्यांच्या कागदावर उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव नव्हतं. ते लागत नाही असं सरकारी कार्यालयानेच त्यांना आधी चुकीचं सांगितलं होतं. त्याच राज्यात ग्रीन पार्टीला कार्यालयातूनच चुकीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना गेला. पक्षाने तो जसाच्या तसा वापरला, आणि सप्टेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षाला मतपत्रिकेवरून उतरवलं. जॉर्जियात कॉर्नेल वेस्ट आणि क्लॉडिया दे ला क्रूझ या लहान उमेदवारांची नावं छापलेली होती, पण इलेक्टरांनी स्वतंत्र अर्ज भरले नाहीत या कारणावरून ते अपात्र ठरले. त्यांना पडलेली मतं मोजलीच गेली नाहीत. उलट केनेडींना ऑगस्टमध्ये माघार घेतल्यावर मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये नाव काढून हवं होतं, ते निघालं नाही. नॉर्थ कॅरोलायनात निघालं, पण छापलेल्या मतपत्रिका रद्द करून नव्या छापाव्या लागल्या आणि टपाली मतदान दोन आठवडे लांबलं. न्यूयॉर्कमध्ये निवासाचा पत्ता खोटा ठरला म्हणून न्यायालयाने त्यांचं नाव आधीच काढलेलं होतं. एकच उमेदवार, पण प्रत्येक राज्यात तऱ्हा निराळी.

‘मग मी हाताने नाव लिहीन’ असं काहीजण म्हणतात. त्यालाही नियम आहेत. पुष्कळ राज्यांत ज्याने आधी इलेक्टरांच्या यादीसह अर्ज दिलाय त्याचीच लिहिलेली मतं मोजतात. बाकीची बाजूला पडतात. हवाई, ओक्लाहोमा, नेवाडा इथे नाव लिहायची सोयच नाही. नेवाडात मात्र १९७० च्या दशकापासून ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय छापलेला असतो. आपल्या नोटाचा थोरला भाऊ म्हणा, आणि तितकाच निरुपद्रवी: त्याला सर्वाधिक मतं पडली तरी निवडून माणूसच येतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिकडे येतो. भारतातून आलेल्या आपल्या पिढीच्या डोक्यात तिकीट म्हणजे वरून येणारी गोष्ट. मुंबईत किंवा दिल्लीत ठरणार, श्रेष्ठी देणार. इथे पक्षाचं तिकीट मतदार देतात, आणि ‘पक्षात असणं’ म्हणजे नोंदणीच्या अर्जावरची एक खूण. पक्षाध्यक्षाला ती खूण नाकारता येत नाही. तरीही आपल्यातले बहुतेकजण नोव्हेंबरात हिरिरीने बोलतात आणि प्रायमरीला फिरकत नाहीत.

प्रायमरीचं वजन किती असतं याचं घरचंच उदाहरण आहे. बेळगावकडून आलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून, म्हणजे डेट्रॉइटमधून, हाउसवर निवडून आले. नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांहून अधिक मतं पडली. खरी निवडणूक मात्र ऑगस्टमध्येच झाली होती. डेमोक्रॅट प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ते साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. त्यांच्याविषयी तुमचं मत काहीही असो. ऑगस्टमध्ये घरी बसलेल्याला नोव्हेंबरात निवडायला काही उरलंच नव्हतं, आणि नऊ जणांतून २८ टक्क्यांनी खासदार ठरतो हाही त्याच नियमांचा परिणाम. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीतही सुरुवातीच्या राज्यांत असेच पाच-सात जण मतं वाटून घेतात, आणि वसंत ऋतू येईतो रिंगणात एकच उरलेला असतो.

म्हणून आपल्या राज्याचा नियम आत्ताच बघून ठेवा. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंदिस्त आहे. पक्ष नोंदवला नसेल तर उमेदवार निवडण्यात तुम्हाला जागा नाही. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारी. त्यानंतर दिलेला बदल जूनची प्रायमरी होऊन गेल्यावरच लागू होतो. न्यूजर्सीत एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी कळवावं लागतं. कोणत्याच पक्षात नसाल तर त्याच दिवशी केंद्रावर ठरवता येतं. नॉर्थ कॅरोलायनात पक्ष न नोंदवलेल्याला दोहोंपैकी कोणतीही प्रायमरी निवडता येते. टेक्सस, जॉर्जिया, मिशिगन, व्हर्जिनिया इथे पक्षाची नोंदणीच नसते, मागाल ती मतपत्रिका मिळते. टेक्ससवाल्यांनी मात्र सह्यांची ती अट विसरू नये: मार्चमध्ये प्रायमरीत मत दिलं की अपक्षाच्या कागदावर सही करायचा हक्क गेला.

कॅलिफोर्नियाकरांसाठी थोडं सविस्तर, कारण तिथे आपली माणसं हमखास फसतात. नोंदणीच्या अर्जावर ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ असा एक पर्याय असतो. आपण अपक्ष आहोत असं सांगायला लोक त्यावर खूण करतात. ते अपक्ष असणं नव्हे. तो एक पक्ष आहे, १९६७ मध्ये जॉर्ज वॉलेस यांच्यासाठी उभा केलेला. वॉलेस म्हणजे वर्णभेदाचे कट्टर समर्थक, ज्यांनी १९६८ मध्ये दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. तो अजून जगून आहे त्यात अशा चुकीच्या खुणांचा वाटा मोठा आहे. २०२४ मध्ये त्याच पक्षाने केनेडींना उमेदवारी दिली, आणि त्यांचा सव्वादोन लाख सह्यांचा डोंगर टळला. खरोखर अपक्ष राहायचं असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ वर खूण करा. पण मग टपालाने येणाऱ्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नसतो. त्याआधी एक पोस्टकार्ड येतं. कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते त्यावर लिहून परत पाठवायचं असतं. डेमोक्रॅट अशांना आपली मतपत्रिका देतात, रिपब्लिकन देत नाहीत. ते कार्ड जाहिरातींच्या गठ्ठ्यात कचऱ्यात जातं, आणि मग मार्चमध्ये ‘माझ्या मतपत्रिकेवर नावंच नाहीत’ अशी ओरड होते.

विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांचं नाव मतदारनोंदणीत जाऊ देऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना पडद्यावर तो प्रश्न येतो, आणि घाईत होकाराचं बटण दाबलं जातं. नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ असं स्पष्ट विचारतात, आणि नागरिक नसताना मत देणं हा देशाबाहेर काढण्यापर्यंत नेणारा गुन्हा आहे.

प्रायमरीत हरलेल्याने अपक्ष उभं राहायचं, ही आपल्याकडची नेहमीची बंडखोरी, इथे बहुतेक राज्यांनी कायद्याने बंद केली आहे. कनेक्टिकटमध्ये ती वाट उघडी होती म्हणून जो लिबरमन २००६ मध्ये प्रायमरी हरूनही सिनेटर झाले. अलास्कात लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये प्रायमरी हरल्या आणि मतदारांकडून मतपत्रिकेवर आपलं नाव लिहून घेऊन निवडून आल्या. असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके.

मग बदल कुठून आणायचा? चार वाटा आहेत, आणि चारही राज्याच्या पातळीवरच्या. त्यांत पसंतीक्रमाच्या मतदानाचं नाव सर्वाधिक घेतलं जातं. उमेदवारांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्यायचे; पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. राष्ट्राध्यक्षपदासाठी मेनने ही रीत २०२० मध्ये पहिल्यांदा वापरली. मतपत्रिकेवर रकान्यांची जाळी असते. एकाच उमेदवारासमोर सगळे रकाने भरले तरी मत एकच, आणि एकाच रकान्यात दोघांना खूण केली तर तो क्रम बाद. २०१८ मध्ये मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या फेरीत ब्रूस पोलिक्विन पुढे होते, लहान उमेदवारांची मतं वळल्यावर जॅरेड गोल्डन जिंकले. ‘मतं खाल्ली’ हे भांडण तिथे उरलं नाही.

पण या रीतीलाही खोट आहे, आणि तिचे समर्थक ती सांगत नाहीत. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट पेल्टोला आणि रिपब्लिकन पेलिन व बेगिच असे तिघे होते. बेगिच पहिल्या पसंतीत तिसरे, म्हणून आधी बाद झाले आणि पेल्टोला जिंकल्या. नंतर मतपत्रिकांचा तपशील तपासला तेव्हा दिसलं, की समोरासमोर बेगिच यांनी त्या दोघींनाही वेगवेगळं हरवलं असतं. दोन टोकांच्या मधला माणूस पहिल्या पसंतीच्या फेरीत चिरडला जातो. २०२४ मध्ये नेवाडा, कोलोरॅडो, आयडाहो आणि ओरेगनच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले, डीसीने स्वीकारला, आणि अलास्कात ही पद्धत साडेसातशेहून कमी मतांनी वाचली. तरी आमचा कल याच बाजूला आहे, कारण सध्याच्या पद्धतीत हीच खोट आहे, शिवाय आणखी दहा आहेत.

दुसरी वाट न्यूयॉर्कची: एकच उमेदवार दोन पक्षांच्या रांगांत छापता येतो आणि दोन्हीकडची मतं बेरजेत धरतात. वर्किंग फॅमिलीज पार्टी या लहान पक्षाच्या रांगेत मत दिलं तरी ते डेमोक्रॅट उमेदवारालाच मिळतं, पण हिशेबात पक्षाचं वजन दिसतं. २०२० मध्ये न्यूयॉर्कने पक्षाची मान्यता टिकवायला १ लाख ३० हजार किंवा २ टक्के, यांत जी जास्त तेवढी मतं अशी वाढीव अट घातली. स्वतंत्र उमेदवार देणारे ग्रीन आणि लिबर्टेरियन गळाले. मोठ्या उमेदवाराला रांग देणारे वर्किंग फॅमिलीज आणि कन्झर्व्हेटिव्ह टिकले. बहुतेक राज्यांत ही सोय बंद आहे, आणि ती बंद ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केला. पण विधिमंडळाने ठरवलं तर ती उद्या सुरू होऊ शकते.

तिसरी, देशभरात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला आपले इलेक्टर द्यायचा राज्यांचा करार. २०२४ मध्ये मेन सामील झाल्यावर त्यातल्या राज्यांची बेरीज २०९ झाली; २७० झाल्याशिवाय तो लागू होत नाही. त्याने स्विंग राज्यांची मक्तेदारी जाईल, दोन पक्षांची जाणार नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून सांगितलं. चौथी वाट सगळ्यांत रुक्ष आणि सगळ्यांत आधी हाती येणारी: सह्यांचे आकडे खाली आणणं. टेनेसीत २७५ सह्यांनी लोकशाही बुडालेली नाही.

टीव्हीवरच्या वादविवादांना राज्यांचे नियम लागू नाहीत, पण तिथेही दार अरुंदच. वादविवाद आयोगाने २००० पासून पाच जनमत चाचण्यांत १५ टक्क्यांची अट ठेवली. २०२४ मध्ये जूनचा वादविवाद सीएनएनने स्वतः घेतला, त्यानेही १५ टक्केच धरले, वर २७० इलेक्टरांपुरत्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव हवं अशी अट घातली. म्हणजे फिरून त्याच सह्या.

तेव्हा आमची मागणी मोजकी आहे. ७ नोव्हेंबर २०२८ ला मतदान आहे. त्याआधीच्या हिवाळ्यात आपल्या काउंटीच्या संकेतस्थळावर जाऊन नोंदणीतला पत्ता आणि पक्षाचा रकाना तपासा, घरातल्या अठरा पूर्ण झालेल्या मुलांचाही. प्रायमरीची तारीख आणि पक्ष बदलायची मुदत घरातल्या कॅलेंडरवर लिहा. तिसरा उमेदवार हवा असेल तर ऑक्टोबरात त्याची बाजू मांडण्याऐवजी वसंतात त्याच्या सह्यांचे कागद घेऊन ग्रोसरीच्या दारात उभे राहा, आणि सही घेताना आधी विचारा: नोंदणी याच पत्त्यावर आहे ना? आणि राज्याच्या विधिमंडळातल्या आपल्या प्रतिनिधीला गाठा. तो गणेशोत्सवाला शाल-श्रीफळ घ्यायला येतोच. फोटो झाला की त्याला विचारा, आपल्या राज्यात अपक्षाला किती सह्या लागतात. बहुतेकांना आकडा माहीत नसतो. तुम्ही सांगा, आणि तो कमी करणारं विधेयक मांडणार का, याचं उत्तर लेखी मागा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मतदारनोंदणीच्या टेबलांवर बसणारे काही मराठी स्वयंसेवक